खाई त्याला खवखवे (आणि सराफ्यातले गराडू)

आमच्याकडे सध्या फ्रिजवर इंग्रजी शब्दांच्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, दूध काढायला गेलं की एक शब्द, भाजी काढायला गेलं की दुसरा. लेकीला पुढच्या वर्षी कॅट द्यायचीय, राऊच्या टेकडीवर आयआयएम बसलेलं असताना इंदूरच्या पोरांना दुसरं काही सुचतच नाही बहुतेक. तर परवा रविवारी रात्री मी विरजण लावत होते आणि ही मागून म्हणाली, आई, कॉम्पंक्शनला आपल्यात काय म्हणतात गं? हिंदीत ग्लानि लिहिलंय पण ते मला पटत नाही.

मी म्हटलं अर्थ वाच. तिने वाचला, आपण काहीतरी चुकीचं केलंय किंवा करतोय ह्याची मनाला लागलेली अस्वस्थता.

आणि माझ्या हातातला चमचा तसाच थांबला, कारण त्या दिवशी सकाळपासून मला नेमकं तेच झालं होतं आणि मला वाटत होतं अॅसिडिटी आहे.

झालं काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं डोक्यात बसेल. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, सत्तरीच्या आहेत, लोकमान्य नगरातल्या जुन्यांपैकी, त्यांच्याकडे दर वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं. ह्या वर्षी ते शनिवारी होतं आणि त्यांनी मला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की तू जरा लवकर ये गं, वाण हातात द्यायला कोणीतरी हवं. आता खरं सांगायचं तर मी त्या आठवड्यात इतकी दमले होते की मला शनिवारी कोणालाही काहीही हातात द्यायचं नव्हतं, फक्त सोफ्यावर पडायचं होतं. पण हे असं कोण सांगतं? दमले म्हणून येत नाही हे आपल्याकडे कारणच नाही, ते दुखणं असावं लागतं किंवा प्रवास. मग माझ्या तोंडून निघून गेलं, अहो काकू आम्ही उज्जैनला चाललोय शनिवारी, महाकालाचं दर्शन, रविवारी येऊ.

महाकालाच्या नावाने! पंचावन्न किलोमीटरवर बसलेल्या देवाला मी सोफ्यासाठी मध्ये घेतलं.

शनिवार छान गेला. सोफा, रजई, खालून येणारे बायकांचे आवाज, आम्ही घरात चोरासारखे, हॉलचा दिवासुद्धा लावला नव्हता (ह्यांनी दोनदा विचारलं की आपण आपल्याच घरात कुजबुजून का बोलतोय). साडेदहाला खाली सामसूम झाली आणि लेक म्हणाली सराफ्यात जाऊ या ना, गराडू खाऊ. हे म्हणाले, आणि कोणी भेटलं तर? मी म्हटलं त्या गर्दीत कोण कोणाला बघतंय.

बाहेरच्यांसाठी सांगते, सराफा म्हणजे राजवाड्याच्या मागचा सोन्याचांदीचा बाजार, दिवसा दागिने आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, मध्यरात्र उलटली तरी पाय ठेवायला जागा नसते. आणि गराडू हा आमचा हिवाळ्याचा कंद, सोलून तुकडे करून तळतात, मग गरम असतानाच वरून लिंबू आणि जिरावण. जिरावण काय असतं ते लिहीत बसले तर ही पोस्ट संपणार नाही, मसाला आहे आणि इंदूरकर तो पोह्यांपासून पेरूपर्यंत कशावरही घालतात एवढं पुरे.

तर गराडूच्या त्या मोठ्या कढईच्या अलीकडे आम्ही, आणि पलीकडे, दोन हातांवर, शाल गुंडाळून, हातात दोना घेऊन, काकू. पुण्याची भाची आली होती त्यांच्याकडे, आणि पुण्याचे पाहुणे आले की त्यांना सराफा दाखवायला न्यावंच लागतं, पाय कितीही दुखत असले तरी, हा इथला नियम आहे आणि तो मी विसरले. अर्धा सेकंद त्यांची नजर माझ्याकडे होती असं मला वाटलं. मग त्यांनी खाली दोन्यात बघितलं. मी ह्यांच्या पाठीमागे सरकले. त्यांनी बघितलं की नाही बघितलं, मला आजही, म्हणजे काल संध्याकाळपर्यंत, माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. काकू. हातात स्टीलचा डबा, त्यात तिळाच्या वड्या आणि गुळाची पोळी, वर वाण म्हणून एक छोटी चाळणी.

"आलात का उज्जैनहून? कधी आलात?"

"रात्रीच. उशिरा."

"दर्शन झालं?"

"हो, छान झालं."

"गर्दी होती का गं?"

"फार!"

ह्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. काकू गेल्या आणि मी डबा घेऊन तशीच उभी. आणि तेव्हापासून छातीच्या वर, गळ्याच्या खाली, ते सुरू झालं.

आता लेकीचा प्रश्न. मी पहिल्यांदा जे सगळे देतात तेच उत्तर दिलं, अपराधी वाटणं. ती म्हणाली ते तर गिल्टी. बरोबर आहे तिचं, आणि गिल्टी हा शब्द आपण इतका सैल करून ठेवलाय की डाएटवर असताना जिलबी खाल्ली तरी गिल्टी आणि आईला आठवडाभर फोन नाही केला तरी गिल्टी, दोन्हीला एकच माप. मग मी म्हटलं पश्चात्ताप. (ह्यात त्त जोडाक्षर आहे बरं का, पश्चात् आणि ताप, मागाहून होणारा ताप. अर्धं जग पश्चाताप लिहितं, मला ते डोळ्याला खुपतं, असो.) पण पश्चात्ताप फार मोठा शब्द आहे, त्याला राज्य गमवावं लागतं किंवा निदान घर तरी मोडावं लागतं. हळदीकुंकवाला दांडी मारून पश्चात्ताप होत नाही कोणाला. शिवाय तो पोळतो, ताप आहे ना तो, आणि माझं काही पोळत नव्हतं.

मग ओशाळणं? वरमणं? खजील होणं? कानकोंडं होणं? हे सगळे सुंदर शब्द आहेत पण ह्या सगळ्यांना समोर माणूस लागतो. पकडले गेलो, कोणी बघितलं, कोणी बोललं, की आपण ओशाळतो, खजील होतो. खजील हा अरबीतून आलेला, शरम फारसीतून, लाज संस्कृतातल्या लज्जेची मुलगी, म्हणजे लोकांसमोर मान खाली घालायला आपण तीन दिशांनी शब्द मागवलेत. पण मला तर कोणी काही बोललंच नव्हतं. उलट काकू हसत वड्या देऊन गेल्या होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर मी ओशाळले असते, सॉरी म्हटलं असतं, हसले असते, विषय संपला असता. ते बोलणं नाही म्हणून तर हे दुसरं काहीतरी होत होतं.

आपल्याकडे म्हणतातच ना, जनाची नाही तर मनाची तरी. ही म्हण मी हजारदा ऐकलीय, बहुतेक वेळा माझ्याचबद्दल, पण तिच्यात दोन वेगवेगळ्या वस्तू सांगितल्यात हे मला परवा रात्री पहिल्यांदा नीट कळलं. ऑफिसात आमचे एक सहकारी आहेत महूचे, विपश्यनेच्या शिबिरांना जातात, त्यांना सोमवारी चहाच्या वेळी हे सांगितलं (उज्जैनचा भाग वगळून, अर्थात), तर ते म्हणाले मॅडम आमच्याकडे ह्याला दोन पक्के शब्द आहेत, हिरी आणि ओत्तप्प. पाली भाषेतले. हिरी म्हणजे स्वतःचीच स्वतःला वाटणारी लाज, ओत्तप्प म्हणजे लोकनिंदेचं, परिणामांचं भय. मनाची आणि जनाची, सरळ सरळ. आणि केल्यानंतर जी तळमळ होते तिला वेगळा शब्द, कुक्कुच्च. मला आधी वाटलं कोंबड्याशी काही संबंध आहे, पण नाही, संस्कृतात कौकृत्य, कु आणि कृत, वाईट केलेलं. गंमत म्हणजे त्यात वाईट केलेलं आणि चांगलं करायचं राहून गेलेलं, दोन्हीची खंत येते. मी दोन्ही केलं होतं, खोटं बोलले होते आणि वाणही वाटलं नव्हतं, त्यामुळे शब्द मापात बसत होता.

पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त आवडलं. हे कुक्कुच्च त्यांच्याकडे चांगल्या गोष्टींत धरत नाहीत, पाच नीवरणं म्हणजे ध्यानाच्या वाटेतले पाच अडथळे असतात, त्यांत ते चौथ्या नंबरला, मनाच्या सैरभैरपणाच्या जोडीने येतं. आणि उपमा दिलीय ती वाऱ्याने ढवळलेल्या पाण्याची, त्यात आपला चेहरा बघायला गेलं तर दिसत नाही. म्हणजे तुम्ही बसून कुढत राहिलात तर त्यात पुण्य बिण्य काही नाही, पाणी ढवळलेलं तेवढं. मला हे ऐकून जरा बरं वाटलं आणि जरा वाईट, कारण मी रविवारचा अख्खा दिवस कुढण्यात घालवला होता आणि आतल्या आत त्याचे मार्क पण लावत होते स्वतःला, की बघा, मला निदान वाटतं तरी.

बरं, परत कॉम्पंक्शनवर. लेक झोपल्यावर मी मोबाइलवर त्याचं मूळ शोधत बसले, हा माझा जुना रोग आहे. लॅटिनमधे पुंगेरे म्हणजे टोचणे. त्याला कॉम लावला, जोर द्यायला, की कॉम्पुंगेरे, चांगलंच टोचणे. चर्चच्या लॅटिनमधे ते मनाला टोचण्यासाठी वापरायला लागले, तिथून जुनी फ्रेंच आणि मग चौदाव्या शतकात इंग्रजी. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र, त्याचं भाषण ऐकून लोकांच्या काळजाला टोचणी लागली असं येतं, तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे शब्द आहे टोचणी! सरळ, घरातला, आपला. लेकीला ग्लानि पटत नव्हतं ते बरोबरच होतं, ग्लानीत गळून जाणं आहे, थकवा आहे, टोक नाहीये त्यात कुठे.

आणि त्याच पुंगेरेची बाकीची पिल्लावळ बघा. पॉइंट त्यातलाच, टोक. पंक्चुअल म्हणजे अगदी टोकावर येऊन ठेपणारा, वेळेच्या. तिखट वासाला इंग्रजीत पंजंट म्हणतात तो नाकाला टोचतो म्हणून. आणि पंक्चर! आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भिया दिवसभर जे काढतो ते आणि माझ्या छातीत जे झालं होतं ते, दोघांची आजी एकच. मला हे रात्री पाऊण वाजता कळलं आणि ह्यांना उठवून सांगावंसं वाटलं, पण त्यांना उठवलं असतं तर मला दुसरीच टोचणी लागली असती.

इंग्रजांचा अजून एक शब्द आहे रिमोर्स, तो चावणारा. मोर्देरे म्हणजे चावणे, रि म्हणजे पुन्हा. परत परत चावतं ते. चौदाव्या शतकात कँटरबरीच्या एका मठवाल्याने, साल १३४०, लॅटिन शब्द नको म्हणून ह्याचं ठेठ गावठी इंग्रजी करून टाकलं होतं, अगेनबाइट, पुन्हाचावा. टिकलं नाही ते, लोकांनी लॅटिनच ठेवलं, आपल्याकडे पण बोलीतल्या शब्दांचं असंच होतं. पण आपण तरी वेगळं काय म्हणतो, मन खातं. मनाला खाणारा विचार. आणि तिसरा स्क्रूपल, त्याचं मूळ स्क्रुपुलुस, छोटा टोकदार खडा. चपलेत गेलेला खडा असतो ना, चालता येतं, कोणाला दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला आहे. आपण खडा चपलेत न ठेवता कानाला लावतो, कानाला खडा, पुन्हा म्हणून नाही करणार. त्यांचा खडा करताना अडवतो, आपला केल्यावर लागतो, हा फरक मला फार इंटरेस्टिंग वाटला, आणि त्याचा काय अर्थ काढायचा ते मला माहीत नाही, काढूही नये बहुतेक.

मराठीत टोचणारं घराणंच मोठं आहे. टोचणी, बोचणी, आणि सगळ्यांत खोल गेलेला सल. सल म्हणजे संस्कृत शल्य, प्राकृतात सल्ल, मग सल. शल्य म्हणजे बाणाचं टोक, काटा, शरीरात रुतून राहिलेली परकी वस्तू, ती काढण्याचं शास्त्र म्हणून शल्यचिकित्सा, आजही सर्जनला शल्यविशारद म्हणतो आपण. इंदूरात जैन शेजारी नाहीत असं घर सापडणं कठीण, आमच्या समोरच्या वहिनींना मी सल सांगितला तर त्या पटकन म्हणाल्या हो हो, हमारे यहाँ तीन शल्य हैं, माया, मिथ्यात्व और निदान. (निदान म्हणजे इथे व्रताच्या बदल्यात फळाची हाव.) जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात एवढंसं सूत्र आहे, निःशल्यो व्रती. ज्याच्यात काटा उरला नाही तो व्रती. नुसती व्रतं करून भागत नाही, आधी काटा काढा. आणि ह्यांतलं पहिलं शल्य माया म्हणजे कपट. मी मान डोलावली आणि विषय बदलला.

पण खरं सांगू का, सल हा शब्द मी उज्जैनच्या थापेला लावू शकत नाही. सल वर्षांचा असतो. आईच्या शेवटच्या दिवसांत आपण एक रात्र हॉस्पिटलमधून घरी झोपायला आलो आणि नेमकं, असा असतो सल. त्यावर मी लिहिणार नाही. रुखरुख आणि चुटपुट पण नाही चालत, त्यात काहीतरी हुकल्याचं, राहून गेल्याचं आहे, गाडी चुकली तरी चुटपुट लागते, तिथे आपला दोष असायलाच हवा असं नाही. हुरहूर तर प्रेमात पडलेल्यांना सोडून द्या.

मग उरला तो शब्द जो माझ्या आजीचा होता. खवखव.

खाई त्याला खवखवे. आजी ही म्हण वापरायची तेव्हा वाक्य म्हणून नाही, हत्यार म्हणून. रामबागेतल्या घरी आम्ही सगळी भावंडं सुट्टीत जमायचो आणि डब्यातल्या खोबऱ्याच्या वड्या कमी व्हायच्या. आजी चौकशी करायची नाही, आरडाओरडा नाही, ती फक्त जेवायला वाढता वाढता शांतपणे म्हणायची, त्या वड्यांत ह्या वेळी जरा सुरण घातला होता गं, बघू आता कोणाचा घसा खवखवतो. आणि मी पाण्याच्या तांब्याकडे हात करायचे. दर वेळी. खोबऱ्याच्या वडीत सुरण कोण घालतं हा विचार मला नववीत गेल्यावर आला.

म्हणीचं मूळ तेच आहे, सुरण नाहीतर अळू खाल्लं की घसा खवखवतो, आणि ज्याने खाल्लं त्याचाच खवखवतो, शेजारी बसलेल्याचा नाही. बाहेरून काही दिसत नाही, तोंड लाल होत नाही, ताप येत नाही, माणूस बोलतो हसतो, फक्त अधूनमधून घसा खाकरतो. चोराच्या मनात चांदणं पण ह्याच्याच जवळचं, आणि हिंदीत चोर की दाढ़ी में तिनका, पण त्या दोन्हींत पकडलं जाण्याची भीती आहे, चांदण्यात कोणी बघेल, दाढीतली काडी कोणी बघेल. खवखवीत बघणाराच नाहीये. अख्खं प्रकरण एका घशाच्या आत आहे. हा शब्द नाद ऐकूनच केलेला, चुटपुट, रुखरुखसारखा जोडीने येणारा, आणि म्हणायला गेलं तर ख घशातूनच येतो, म्हणून बघा.

आता खरी गोष्ट. खवखव का होते हे मी बीएस्सीला बॉटनीत शिकले होते आणि पार विसरले होते. अळू, सुरण ह्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, आणि ते मिठाच्या खड्यासारखे चौकोनी नसतात, ते सुईसारखे असतात, दोन्ही बाजूंनी टोकदार, जुड्या करून ठेवलेले. त्यांना रॅफाइड म्हणतात, ग्रीकमधे सुईला जो शब्द आहे त्यावरून. मायक्रोस्कोपखाली काड्यापेटी उघडल्यासारखं दिसतं. आपण चावलं की पेशी फुटतात, सुया सुटतात आणि घशाच्या आतल्या कातडीत रुततात. म्हणजे खवखव ही दुसरं तिसरं काही नसून टोचणीच आहे! बारीक, डोळ्याला न दिसणारी, एकदम हजार. लॅटिनवाल्यांनी एक टोक बघितलं आणि त्याचा शब्द केला, आमच्या म्हणीवाल्यांनी मायक्रोस्कोप नसताना घशावर विश्वास ठेवला. मी हे लेकीला सोमवारी सकाळी पोहे देताना सांगितलं तर ती म्हणाली, आई, मला एका शब्दात हवं होतं.

तिच्या पुस्तकात एक टीप होती ती मात्र बरोबर वाटली मला. हा शब्द इंग्रजीत बहुतेक नकाराबरोबरच येतो, अमक्याने विदाउट कॉम्पंक्शन असं असं केलं. कोणाला टोचलं ह्याची बातमी होत नाही, टोचलं नाही ह्याची होते. मराठीत ते बिनदिक्कत. खुशाल. काही वाटलं नाही मेल्याला. ढिम्म. नुसतं वाटणं हे क्रियापदच आपण त्यासाठी राखून ठेवलंय, त्याला काही वाटतच नाही म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही.

तर मंगळवार आला तरी काकूंचा डबा माझ्या ओट्यावर. धुतलेला, पुसलेला, पालथा. वड्या संपल्या होत्या, गुळाची पोळी ह्यांनी एकट्यांनी संपवली (बिनदिक्कत). आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे काही मला सांगायला नको, आजीने तेवढं तरी शिकवलंय. साखर घालून देता येते चमचाभर, ती सोय आहे, पण साखर घालून डबा द्यायला मला त्या दिवशी, काय सांगू, खवखवलं.

बुधवारी संध्याकाळी येताना भाजीवाल्याकडे गराडू दिसले. मी एक किलो घेतले. हे म्हणाले वेडी आहेस का, गराडू? त्यांना गराडू? मी काही बोलले नाही. हाताला तेल लावलं, सोलायला घेतले. गराडूचं पण तसंच असतं, कच्चा सोलताना हात खाजतात, त्याच्याही चिकात त्याच सुया, तेल लावलं तरी मनगटाला कुठेतरी लागतंच. लेक बाजूला उभी राहून चिठ्ठ्या पाठ करत होती. तुकडे केले, मीठ घालून अर्धे वाफवले, एकदा तळून काढले, गार केले, परत कडकडीत तेलात सोडले, घरात सराफ्याचा वास सुटला. डबा भरला, जिरावण पुडीत वेगळं, एक लिंबू.

काकूंनी दार उघडलं. भाची पुण्याला परत गेली होती, घरात टीव्हीचा आवाज. "अगं, हे कशाला," म्हणत त्यांनी तिथेच दारात झाकण उघडलं. बघितलं. एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मी त्यांच्या घशाकडे बघत होते.

"घरी केलेस?"

"हो."

"छान झालेत," त्या म्हणाल्या. "पण शनिवारचे जास्त कुरकुरीत होते, नाही गं?"

मी म्हटलं, हो काकू. होते.

"मग आत ये," त्या म्हणाल्या, "चहा टाकते. आणि ते लिंबू काप."